समोरचा कोपरा

नंदुरबार, ३० जानेवारी २०२५

चि. प्रतिभा,

घरी सगळे ठीक आहेत. तू विचारलेलं नाहीस, पण पत्र इथूनच सुरू करायचं असतं असं आमच्या शाळेत शिकवलं होतं. पत्र शुद्ध भाषेत लिहायचं हेही तिथेच शिकवलं. बोलायला गेलो की माझ्या तोंडात अहिराणी येते, लिहायला बसलो की ही येते. वाचताना मी परका वाटलो तर त्याचं कारण हे धर.

तू घर सोडून पुण्याला गेलीस त्याला सहा वर्षं होतील. एवढ्या काळात मी पत्र लिहिलं नाही. फोनही केला नाही. आई तुझ्याशी रोज बोलते, ओट्यापाशी, कुकरची शिट्टी होऊ देते म्हणजे मला ऐकू येऊ नये. मला ऐकू येतं. तुझी नोकरी कायम झाली, नवीन क्लब मिळाला, नवनीत सर चांगले कोच आहेत, हे सगळं मला कुकरच्या आडून कळलेलं आहे.

आज लिहितो आहे कारण राज्य बॉक्सिंग स्पर्धेचा ड्रॉ लागला. जळगावला आहे, फेब्रुवारीच्या मध्याला. तुझं नाव वरच्या अर्ध्यात आहे. खालच्या अर्ध्यात माझी एक मुलगी आहे, रमिला. वजन तुझंच. दोघी जिंकत आल्या तर फायनलला गाठ पडेल. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

रमिला काठी गावची. वडील भीमसिंग. डोंगरात शेती आहे, थोडी. पहिल्या दिवशी आली तेव्हा तिने हॉलच्या दारात चपला काढल्या आणि देवळात आल्यासारखी आत आली. हॉल तोच, माणकचंद शेठचं मिरचीचं जुनं गोडाऊन. सध्या हंगाम आहे, बाहेर पथाऱ्यांवर मिरची लाल पसरलेली आहे, वारा फिरला की आतली सगळी पोरं शिंकतात. नवीन पोरं शिंकतात, जुनी शिंकत नाहीत, त्यावरून मला हजेरी घेता येते.

शेठ तसेच आहेत. गोडाऊन देताना त्यांनी विचारलं होतं, "मास्तर, पोरं एकमेकांना मारतात ना?" मी म्हणालो, "मारतात शेठ, पण नियमाने." "नियमाने मारलं तरी लागतं ना?" "लागतं." "मग पर्युषणात बंद." तेव्हापासून पर्युषणाचे दिवस आमच्याकडे कुणी कुणाला मारत नाही. नुसती पावलं, नुसती सावलीशी लढाई. तुला लहानपणी ते दिवस आवडायचे. रमिलालाही आवडतात.

ती एके दिवशी म्हणाली, "सर, फायनलला तुमची पोरगी आली तर तुम्ही ओरडाल ते तिला पण कळेल ना? तुमचे शब्द सगळे तिला माहिती." मी हा विचार केलाच नव्हता. घरी बठ म्हणजे नुसतं बस, हॉलमध्ये बठ म्हणजे गुडघ्यात वाक आणि खालून मार. हाल म्हणजे डोकं हलव. हे शब्द मी तुझ्यावर तयार केले आणि मग सगळ्यांना दिले. आता रमिला मला त्यांच्या बोलीतले शब्द शिकवते आहे. माझी जीभ वळत नाही, ती हसून खाली बसते. ते शब्द इथे लिहीत नाही. तू समोर असशील.

भीमसिंग मागच्या बाजाराला आला होता. म्हणाला, "सर, माझी पोरगी तुमच्या पोरीला मारेल. चालेल?" मी म्हणालो, "चालेल." तो म्हणाला, "मग तुम्ही माणूस बरोबर नाही." आणि हसला. मीही हसलो. रात्री तुझी आई तेच बोलली, न हसता.

"कोना कोपरामा हुभा ऱ्हाशात तुम्ही?"

"रमिलाना."

"आनि मन्ही अंडेर?"

"तिना कोपरामा तिना सर शेतस ना."

आई उठून गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. जप करायला बसलो, माळ पूर्ण झाली, मन कुठे होतं ते सांगता येणार नाही.

उत्तराची अपेक्षा नाही.

आबा

नंदुरबार, १९ फेब्रुवारी

चि. प्रतिभा,

तुला जळगावच्या दवाखान्यातून सोडलं आणि तू पुण्याला पोचलीस हे आईकडून कळलं. मेंदूला सूज होती, ती उतरते आहे, रक्त साकळलेलं नाही. काही महिने रिंग बंद. मी दवाखान्याच्या आवारात होतो, आत आलो नाही. आई मधून मधून बाहेर येऊन सांगत होती. एकदा म्हणाली, "आठे काय करी ऱ्हायनात? मझार चला." मी म्हणालो, तिला नको असेल. आई म्हणाली, "तुमले कोनी विचारं?" मग आत निघून गेली. शेजारी एक माणूस पेरू विकत होता. मी त्याच्याकडून पेरू घेतले आणि हातात धरून उभा राहिलो. ते परतीच्या गाडीत कुणाला तरी देऊन टाकले.

मी काय पाहिलं ते लिहितो. तुझ्या बाजूने काय दिसलं ते मला माहीत नाही.

पहिला राउंड तुझा होता. तू पुष्कळ सुधारली आहेस. पायांत आता घाई नाही. नवनीत सरांना माझा नमस्कार सांग. दुसऱ्या राउंडमध्ये रमिलाचा उजवा तुझ्या कानशिलावर बसला. तो मी शिकवलेला उजवा आहे. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, रमिलाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

माझ्या डाव्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हणून लढत बघताना मी मान वळवून बघतो, लोकांना वाटतं मला बघवत नाही. तिसऱ्या राउंडच्या सुरुवातीला मी मान वळवली तेव्हा तू घंटेच्या आधीच स्टुलावरून उठली होतीस आणि चुकीच्या बाजूला तोंड करून उभी होतीस. रेफ्रीने हात दाखवला तशी वळलीस. तुझा डावा पाय कॅनव्हासवर घासत येत होता. मग तुझी नजर माझ्यावरून गेली. ती माझ्यावर थांबावी अशी अपेक्षा नव्हती. पण ती कुठेच थांबली नाही. मागे प्रेक्षक होते, त्यांच्यावरही थांबली नाही.

ती नजर मी आतून ओळखतो. मी पंचवीस वर्षांचा होतो, आर्मीकडून राष्ट्रीय फायनल खेळत होतो. तिसऱ्या राउंडमध्ये डोळ्यावर हुक बसला आणि डाव्या बाजूने पडदा खाली यायला लागला. काळा नाही, मातकट. मी एका गुडघ्यावर होतो. काउंट चालू होता. माझ्या कोपऱ्यातून सगळे ओरडत होते, उठ रूपचंद, उठ. मी उठलो. जिंकलो. गावात मिरवणूक निघाली, शाळेने सत्कार केला, मुख्याध्यापक भाषणात म्हणाले की या मुलाला हार माहीत नाही. मी स्टेजवर बसून उजव्या डोळ्याने सगळं बघत होतो. डावा कधी परत आला नाही. त्यानंतर मी लढलो नाही. भांडारात बदली झाली, मग लहान पोरांना शिकवायला लावलं. ते मला जमलं. एवढीच माझी कारकीर्द.

म्हणून ज्युनियरच्या सेमीफायनलला मी टॉवेल फेकून तुझी लढत थांबवली. तू गुणांवर पुढे होतीस हे मला माहीत होतं. परत येताना गाडीत तू म्हणालीस, "आबा, तुमले मन्हावर भरोसा नही." पुढच्या कॅम्पला गेलीस ती परत आली नाहीस. मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. बरोबर होतो असंही म्हणत नाही. टॉवेल हातात होता, मग नव्हता.

जळगावला माझ्या हातात तुझा टॉवेल नव्हता. तो नवनीत सरांच्या खांद्यावर होता आणि ते तुला पुढे जा म्हणून सांगत होते. त्यांना तुझी पाठ दिसत होती, मला तोंड दिसत होतं. त्यांचा दोष नाही.

मी ओरडलो. "बठ, माय."

दोघींनी ऐकलं. रमिला गुडघ्यात वाकली आणि खालून हुक आणला, अगदी शिकवल्यासारखा. आणि त्याच वेळी तू बसलीस. उजवा गुडघा, डावा ग्लोव्ह जमिनीवर, डोळे रेफ्रीकडे. तेही अगदी शिकवल्यासारखं. तुझं डोकं जिथे होतं तिथून तिचा हुक रिकामा गेला. रेफ्रीने आठपर्यंत मोजलं, तुझ्या डोळ्यांत पाहिलं आणि दोन्ही हात हलवून लढत थांबवली. रमिलाचा हात वर केला. मी तिच्या ग्लोव्हजच्या पट्ट्या सोडवत होतो.

डोकं दुखलं, उलटी झाली किंवा दोन दोन दिसलं, तर वाट पाहू नकोस.

आबा

नंदुरबार, २८ फेब्रुवारी

चि. प्रतिभा,

तुझ्या क्लबची तक्रार संघटनेकडे आली आहे, तिची प्रत मला मिळाली. खाली नवनीत सरांची सही आहे, तुझी नाही. त्यांचं म्हणणं असं की मी समोरच्या कोपऱ्यातून तुला घरच्या भाषेत बसायला सांगितलं आणि तू सवयीने बसलीस. समोरच्या खेळाडूशी बोलणं नियमात बसत नाही. तसं ठरलं तर निकाल रद्द होईल. रमिलाचं पदक जाईल, राष्ट्रीय कॅम्पचं नावही जाईल. कॅम्पमधून निवड झाली तर तिला खेळाडू म्हणून नोकरी लागू शकते, जशी तुला लागली. काठीतून अजून कुणाला लागलेली नाही.

तेव्हा आता सगळे मला एकच विचारतात. कुणाला म्हणालात?

व्हिडिओत फक्त "बठ" ऐकू येतं. पुढचा शब्द शिट्ट्यांत बुडाला आहे. हॉलमध्ये तो शब्द मी कधीच वापरत नाही. कुठल्याही शिष्येला मी माय म्हटलेलं नाही. पण हे फक्त मला माहीत आहे, आणि ऐकलं असशील तर तुला.

शेठ हॉलवर आले होते. बाकावर रुमाल टाकून बसले. म्हणाले, "मास्तर, एका शब्दाचे दोन अर्थ असले तर माणसाने फायद्याचा घ्यावा. धंद्यात असंच असतं." मग थोडा वेळ पोरांकडे बघत बसले आणि उठताना म्हणाले, "पण तुम्ही धंद्यात नाही." एवढं बोलून गेले. सल्ला दिला की परत घेतला ते कळलं नाही.

भीमसिंग सांगायला आला की होळीला रमिलाला घरी न्यायचंय, काठीची होळी सोडता येत नाही. मग मुद्द्यावर आला.

"सर, तुम्ही रमिलाला म्हणालात ना?"

मी ग्लोव्हज खुंटीला अडकवले.

"बठ तर हॉलचा शब्द आहे. ती तर बसली पण. खाली वाकून हुक मारला. व्हिडिओत दिसतं. मग झालं ना?"

"भीमसिंग, मी मुलीला म्हणालो."

"कोणत्या मुलीला? आम्हाला तर सांगता, सगळ्या तुमच्याच मुली आहेत."

असं मी दर वर्षी पालकांसमोर म्हणतो हे खरं आहे.

रमिला कोपऱ्यात हातांना पट्ट्या बांधत होती. ती म्हणाली, "बाबा, सरांना त्रास नको देऊ." मग मला म्हणाली, "सर, मला वाटलं मलाच. मी त्याच्यावरच वाकले." मी म्हणालो, चांगलं वाकलीस. ती म्हणाली, "ताई बसल्या नसत्या तर तो हुक लागला असता." मी म्हणालो, हो. तिने पट्टी परत सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला लागली.

शिवरात्र झाली, दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, सारंगखेड्याला दत्ताच्या दर्शनाला जाऊन आलो. तापीला पाणी होतं. हात जोडून उभा राहिलो. काय मागावं ते ठरेना, म्हणून काही मागितलं नाही. पुजाऱ्याने प्रसाद दिला तो घेतला.

येताना एवढं ठरलं की मी खोटं बोलणार नाही. रमिलाचं पदक गेलं तरी. मी तिला म्हणालो असं सांगितलं तर त्याचा अर्थ असा होईल की तू समोर पडत होतीस आणि मी पदकाकडे बघत होतो. भीमसिंग मला बोलेल, आणि त्याचं बरोबर असेल. रमिला बोलणार नाही, ते जास्त जड जाईल. पण मी तुला म्हणालो होतो. पुण्याला दहा तारखेला सुनावणी आहे, तिथे मी हेच सांगेन. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

आईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्ही तिले बठ सांगं. ती बठनी. आते आखो कोनले काय सांगतस?" मी म्हणालो, कमिटीला. ती म्हणाली, "कमिटीनी तिले पाळनामा जोजारं का?" तिच्या बोलण्यात नेहमी काहीतरी असतं, पण कमिटीपुढे ते चालत नाही.

आबा

नंदुरबार, १२ मार्च

चि. प्रतिभा,

काल घरी पोचलो. तू तिथे होतीसच, म्हणून जे घडलं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. तरी माझ्याकडून ते कसं झालं ते सांगतो.

मी बसच्या कपड्यांतच आलो होतो, तोंड संघटनेच्या बेसिनवर धुतलं. तू खिडकीजवळ बसली होतीस, काळा चष्मा लावून. उजेड सहन होत नसेल असं वाटलं. डॉक्टरला तेही सांग. नवनीत सर माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही पोरीला काय पत्रं लिहिलीत? तीन वेळा वाचली असतील तिने. तक्रारीवर सही कर म्हटलं तर करत नाही." ते वाईट माणूस नाहीत. त्यांचा शर्ट घामाने भिजला होता, तुझ्यासाठीच भिजला असेल.

कमिटीतल्या टक्कल असलेल्या गृहस्थांनी मला आधी शब्दाबद्दल विचारलं.

"बठ हा शब्द कोणत्या भाषेतला?"

"अहिराणी."

"म्हणजे मराठीच ना?"

"पुण्याहून पाहिलं तर मराठी, सुरतेहून पाहिलं तर गुजराती."

बाई सदस्य हसल्या. "जेवायला बस म्हणतात तो बस?"

"तोच."

"आणि रिंगमध्ये?"

"गुडघे वाकव."

"म्हणजे दोन्ही होतं. मग फायनलला तुमच्या मनात कोणता होता, आणि कुणासाठी?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, थांबा, आधी बॉक्सरचा जबाब वाचू, तो सकाळीच आला आहे. आणि त्यांनी वाचला. तुझं अक्षर त्यांना लागत नव्हतं, दोनदा अडखळले.

तू लिहिलं होतंस की कोपऱ्यातून बठ असा आवाज आला, तो रमिलासाठी होता, कारण सर सगळ्या मुलींना तो शब्द देतात. पुढे तुझेच शब्द: मी चक्कर आल्यामुळे स्वतःहून बसले. माझे वडील मला उद्देशून बोलले असं मला वाटण्याचं कारण नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत.

इतकी वर्षं मी समजत होतो की तू माझ्याशी बोलत नाहीस.

खोलीत पंखा फिरत होता. नवनीत सरांनी कपाळाला हात लावला. भीमसिंग मागच्या खुर्चीवर होता, त्याने खोल श्वास सोडला तो मला ऐकू आला. रमिला तुझ्याकडे बघत होती. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी लिहिलेलं सगळं तुला माहीत होतं. मी खरं सांगणार हे माहीत होतं, त्याने रमिलाचं काय होईल तेही. आणि तू माझ्या आधी पोचलीस.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

मी घरून ठरवून निघालो होतो. वाक्य तयार होतं, बसमध्ये पाठ केलं होतं. ते म्हटलं असतं तर तू भर कमिटीत खोटी ठरली असतीस, आणि रमिलाचं पदक गेलं असतं. न म्हणावं तर मी खोटा. दत्ताची आठवण झाली का, असं कुणी विचारलं तर नाही झाली. मी म्हणालो, "ती म्हणते तसं लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. तक्रार निकाली निघाली. बाई सदस्यांनी मला ताकीद दिली की यापुढे कोपऱ्यातून कमी बोला. मी हो म्हणालो.

आता हे खोटं कुणाच्या खाती जातं, तुझ्या की माझ्या, याचा विचार मी बसमध्ये केला. मालेगावपर्यंत केला, मग झोप लागली. काही उमगलं नाही. तू ते रमिलासाठी लिहिलंस, की माझ्यासाठी, की तुला एकदा भर खोलीत मला तसं म्हणायचं होतं म्हणून, हेही उमगलं नाही. तिन्ही असू शकतं. मी विचारणार नाही.

बाहेर जिन्यात तू थांबली होतीस. मला वाटलं चप्पल घालते आहेस. मी बाजूने उतरायला लागलो तेव्हा तू चष्मा काढलास. डोळ्याखाली अजून पिवळं आहे.

"तुमनी रमिला डावा हात खाले ठेवस," तू म्हणालीस.

मी म्हणालो, "कव्हय?"

"उजवा मारताना. दर टाईमले. दुसरा राउंडमाच दिसनं माले. चक्कर उनी नसती तं तठेच फोडतू तिले." मग म्हणालीस, "सांगा तिले. पुढला टाईमले मी सोडस का?"

मी म्हणालो, "सांगस."

तू खाली उतरून गेलीस. नवनीत सर स्कूटर काढत होते.

पुढच्या वेळी, म्हणालीस. म्हणजे तू परत उतरणार आहेस. मी जिन्यातच उभा राहिलो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, ते सगळं टॉवेलच फेकण्यासारखं झालं असतं. भीमसिंग वरून आला, त्याने माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, "चला सर, गाडी सुटेल."

आबा

नंदुरबार, १८ मार्च

चि. प्रतिभा,

रमिला काठीहून होळी करून आली. रात्रभर नाचली, पहाटे होळी पेटली, आवाज बसला आहे, पायात अजून ताल आहे. पॅडवर घेतलं तर सगळे ठोसे ढोलाच्या लयीत येत होते. मी म्हणालो, हे काय चाललंय? ती म्हणाली, "सर, उद्यापर्यंत उतरेल." कॅम्पचं पत्र आलं आहे, एप्रिलमध्ये जायचं.

मग मी तिला उजवा मारायला सांगितला आणि मान तिच्या डाव्या हाताकडे वळवून नीट पाहिलं. तू म्हणालीस ते खरं आहे. डावा हात हनुवटीवरून छातीपर्यंत खाली येतो. एरवी तिचा उजवा बघायला मी मान डावीकडे वळवतो, तेव्हा तो हात नजरेतून सुटतो. एवढी वर्षं मी तिच्यासमोर पॅड धरून उभा आहे आणि मला ते दिसलेलं नाही.

मी पॅडने तिच्या गालावर हलकंच मारलं. "हात वर."

ती थांबली. "हे आधी कधी नाही म्हणालात सर."

"माले दिसनंच नही."

"मग कोणाला दिसलं?"

"मन्ही अंडेरले."

रमिलाने हात हनुवटीला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "ताईंना? त्या तुमच्याशी बोलतात?"

मी पॅड उचलले, मान वळवली, तिला पुन्हा मार म्हणून खूण केली.

"बोलनी," मी म्हणालो.

आबा